शोभराजच्या गोष्टीतले प्रवासी

माझ्याकडे एक फाईल आहे. पुठ्ठ्याची, नाडीची. अंबरनाथ स्टेशनबाहेरच्या स्टेशनरीच्या दुकानातून घेतलेली. तिच्यावर निळ्या शाईत 'चार्ल्स' एवढंच लिहिलं आहे. फाईल सुरू झाली एप्रिल १९८६ मध्ये. माझी दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती आणि वाचनालयात बसून वर्तमानपत्रं चाळण्यापलीकडे काही काम नव्हतं. गोव्यात पर्वरीच्या एका हॉटेलात मुंबई पोलिसांच्या इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराजला पकडलं, ही बातमी तेव्हाची. वाचनालयातला अंक कापता येत नाही, म्हणून रद्दीवाल्याकडे जाऊन चार आण्याला जुना अंक आणला आणि कात्री चालवली. मराठी माणसाने जगाला हवा असलेला गुन्हेगार पकडला, याची छाती फुगवणारी चव त्या वयात काय असते ते वेगळं सांगायला नको.

पुढे चाळीस वर्षं ती फाईल वाढत गेली. कारखान्यात पाळीची नोकरी, बदलापूरहून ये-जा, कारखाना बंद पडल्यावर किरकोळ कामं, या सगळ्यात ती टिकली. इंग्रजी पुस्तकं फोर्टच्या फुटपाथवरून घेतली आणि शब्दकोश मांडीवर ठेवून वाचली. गेल्या वर्षी सप्टेंबरात 'इन्स्पेक्टर झेंडे' हा चित्रपट आला. तो पाहून झाल्यावर मी सहज फाईल काढून कात्रणं पुन्हा लावायला बसलो. शंभराच्या वर भरली. तुरुंगातून पलायन, पोलिसांना दिलेल्या हुलकावण्या, प्रेयस्या, लग्नं, टोपी, चष्मा, मुलाखती. ज्यांना त्याने मारलं त्यांची नावं किती कात्रणांत आहेत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं. सहा. तीही बहुतेक चुकीच्या स्पेलिंगची.

हा लेख त्या सहा कात्रणांमुळे लिहिला आहे. शोभराजवर पुस्तकं, चित्रपट, मालिका यांचा बऱ्यापैकी ढीग जमला आहे. त्या ढिगाकडे मला एका प्रश्नासकट पाहायचं आहे. या गोष्टींत प्रवासी कुठे आहेत?

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शोभराजचा जन्म ६ एप्रिल १९४४ चा, सायगावचा. आई व्हिएतनामी, वडील तिथे व्यापार करणारे सिंधी. पुढे आईबरोबर फ्रान्स, चोऱ्या, तुरुंग. १९७० च्या सुमारास तो मुंबईत आला. १९७१ मध्ये झेंड्यांनीच त्याला एकदा पकडलं होतं, पण आजाराचं सोंग करून तो दिल्लीच्या इस्पितळातून निसटला. मग १९७५ चं बँकॉक. युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत भारत, नेपाळ आणि थायलंडला येणाऱ्या तरुण मुलामुलींची तेव्हा एक वाटच पडली होती. बस, ट्रक, मिळेल ती लिफ्ट, खिशात ट्रॅव्हलर्स चेक. शोभराज स्वतःला रत्नांचा व्यापारी म्हणवायचा, या मुलांना घरी न्यायचा, जेवू घालायचा. त्यांतल्या काहींना त्याने लुटलं आणि काहींना ठार मारलं. मेलेल्यांच्या पासपोर्टवर स्वतःचा फोटो लावून तो पुढचा प्रवास करी. जुलै १९७६ मध्ये दिल्लीत पकडला गेला. बारा वर्षांची शिक्षा झाली. ती संपत आली असताना १६ मार्च १९८६ रोजी वाढदिवसाच्या नावाखाली पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो तिहारमधून बाहेर पडला. खरा वाढदिवस आला तीन आठवड्यांनी, आणि त्याच दिवशी झेंड्यांनी त्याला पकडलं. पळाला कशाला, याचं उत्तर बहुतेक अभ्यासक एकच देतात. थायलंडचं वॉरंट वीस वर्षांचं होतं आणि तिथे फाशीची भीती होती. भारतात शिक्षा वाढली की ते वॉरंट आपोआप मरणार होतं. तसंच झालं. १९९७ मध्ये तो सुटला, पॅरिसला गेला, पैसे घेऊन मुलाखती देऊ लागला. २००३ मध्ये काठमांडूत पुन्हा धरला गेला. २००४ मध्ये जन्मठेप, २०१४ मध्ये दुसऱ्या खुनाची शिक्षा, आणि डिसेंबर २०२२ मध्ये वयाच्या कारणाने सुटका.

इतकं सगळं सांगितल्यावरही मूळ गोष्ट सांगायची राहतेच. तो माणसं मारायचा कशी, म्हणजे माणसं त्याच्या हाती लागायची कशी? गळा आवळणं, जाळणं हे शेवटचं काम. त्याआधी कित्येक दिवस चालायचा तो पाहुणचार. परक्या देशात पोट बिघडणं ही त्या प्रवाशांची रोजची कटकट. शोभराज त्यांना औषध द्यायचा. औषधाने हगवण थांबायच्या ऐवजी वाढायची, अंगातलं त्राण जायचं आणि तोच माणूस उशाशी बसून शुश्रूषा करायचा. काहींचे पासपोर्ट तो आधी चोरायचा आणि मग ते शोधायला मदत करायचा. बँकॉकच्या त्याच्या घरात एक फ्रेंच तरुण असाच आठवडेच्या आठवडे आजारी होता. आपल्याला बरं करणारा माणूसच आपल्याला आजारी ठेवतो आहे, हे त्याला कळायला फार वेळ लागला.

म्हणून मी एक साधी कसोटी ठरवली. शोभराजवरच्या कुठल्याही पुस्तकात किंवा चित्रपटात ती गोळी कुणाच्या बाजूने दिसते? देणाऱ्याच्या की गिळणाऱ्याच्या?

पहिलं पुस्तक घ्यायचं तर रिचर्ड नेव्हिल आणि ज्युली क्लार्क यांचं, १९७९ चं. नेव्हिल हा 'ऑझ' या बंडखोर मासिकाचा ऑस्ट्रेलियन संपादक, स्वतः त्याच वाटेने भटकलेला. १९७७ मध्ये हे दोघे दिल्लीत आले, शोभराजला कोर्टात आणि तिहारमध्ये भेटले, त्याला बोलतं केलं. खुनांची बारीकसारीक हकिकत त्याच्याच तोंडून आली. नंतर त्याने ती नाकारली, हा भाग निराळा. पुस्तक मेहनतीचं आहे यात वाद नाही. आजवर जे जे झालं ते सगळं याच विहिरीचं पाणी पितं. पण त्यात गोळी देणाऱ्याच्या हातात आहे. गिळणारा काय विचार करत होता हेही आपल्याला देणाऱ्याकडूनच कळतं, आणि त्याच्या सांगण्यात प्रत्येक बळी एकतर मूर्ख असतो, नाहीतर नशेबाज, नाहीतर तस्करीत गुंतलेला. मेलेला माणूस खोडून काढायला येत नाही. त्याच वर्षी टॉमस टॉमसन या अमेरिकन पत्रकाराचं 'सर्पेंटाइन' आलं. त्यात प्रवाशांची घरं, त्यांची गावं, ते निघाले का, याला जागा आहे. ते जाडजूड आहे आणि कादंबरीसारखं रंगवलेलं आहे, तरी मला ते जास्त प्रामाणिक वाटलं. अर्थात पुढच्यांनी उचललं ते पहिलंच.

ही पद्धत नेव्हिलने काढलेली नाही. तिला आपल्याच मातीतला एक पूर्वज आहे. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज, ज्याने पुढे नळदुर्गला बसून काही वर्षं कारभार पाहिला. त्याने १८३९ मध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी लिहिली. ७१९ खुनांची बढाई मारणारा अमीर अली साहेबासमोर बसून आपली कथा सांगतो. साहेब मधूनच शहारतो, धिक्कार करतो आणि पुन्हा ऐकू लागतो. वाचकाचंही तसंच होतं. ठगांची रीत शोभराजच्या रीतीची सख्खी बहीण. वाटेत गाठ घालायची, पुढे चोरांचं भय आहे, एकटे जाऊ नका म्हणायचं, सोबत करायची, चार मुक्काम एकत्र जेवायचं आणि मग रुमाल. इंग्रजांनी ठगीचं जे प्रचंड चित्र उभं केलं त्यात सरकारी गरजेचा भाग किती, यावर इतिहासकारांनी अलीकडे बरंच लिहिलं आहे. मला इथे मुद्दा वेगळा मांडायचा आहे. खुनी गोड बोलतो, म्हणून निवेदनही त्याच्याच हाती द्यायचं, हा पायंडा तिथे पडला. जो प्रवासी त्याच्या गोड बोलण्याला भुलून मेला, त्याच्याच जागी वाचक बसतो, फक्त जिवंत राहतो.

उलट बाजूचं पुस्तक मराठीत आहे, आणि आपण ते या दृष्टीने वाचत नाही. वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास'. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत गेलेला हा भिक्षुक कमावलेलं लुटीत गमावतो आणि आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी येतो. लुटणारे त्याच्या पुस्तकात येतात आणि जातात. त्यांच्या कौशल्याचं त्याला काडीचं कौतुक नाही. कुणी ओसरी दिली, कुठे पोटाला मिळालं, कुठे जीव वाचला, हे तो सांगतो. प्रवाशाने लिहिलेल्या पुस्तकात चोर किती लहान दिसतो ते पाहायचं असेल तर गोडसे भटजी पुन्हा काढावेत.

कबुलीजबाब मराठीतही आहे. जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या मुनव्वर शहाचं 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' माझ्या पिढीने चोरून वाचलं. चौघे आरोपी १९८३ मध्ये फासावर गेले. त्या पुस्तकाविषयी शंका घेता येतात, पण त्याचं शीर्षकच गुन्हा कबूल करतं, आणि लिहिणाऱ्याला त्यातून विकत घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. शोभराजने कबुली दिली, मागे घेतली, पुन्हा सूचित केली. त्याच्याकडे कबुली म्हणजे दुकानातला माल होता.

नेव्हिल-क्लार्क यांच्या पुस्तकातून आणखी एक गोष्ट पुढे सगळीकडे गेली. शोभराज असा का झाला याचं स्पष्टीकरण. वसाहतीत जन्म, दोन वंश, बापाने नाकारलेला, कुठल्याच देशाचा नागरिक नसलेला, शाळेत हिणवलेला. म्हणून पाश्चात्त्य पोरांवर सूड. सुरुवातीला आपण या कल्पनेने भारावलो होतो, हे त्या लेखकद्वयानेच पुढे सांगितलं. शोभराजनेही ती कल्पना मोठ्या हौसेने वापरली.

हे मी उल्हासनगरच्या शेजारी बसून वाचतो, आणि माझं इथेच अडतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लाखाच्या आसपास लोक कल्याणजवळच्या ज्या लष्करी छावणीत टाकले गेले, तिचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना माणसं कॅम्प नंबर सांगतात. बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकेका खोलीत कुटुंबं राहिली. घर गेलं, गाव गेलं, देश गेला, भाषेचा प्रदेशच उरला नाही. या लोकांनी पापड लाटले, लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली, कापडाचे तुकडे शिवून बाजार उभा केला. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण त्यांच्यावर दोन पिढ्या केला. विस्थापनाने माणूस खुनी होत असता तर आमच्या या तीन स्टेशनांच्या पट्ट्यात सकाळची लोकल पकडायला कुणी जिवंत उरलं नसतं.

कॅम्प नंबर तीनमध्ये माझा एक मित्र आहे. कापडाचं दुकान, वडिलांपासूनचं. शोभराज हे सिंध्यांमध्ये पुरुषाचं नाव असतं. त्याच्या एका काकांचं ते होतं. १९८६ च्या त्या एप्रिलनंतर वाण्याकडे, बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर नाव सांगितलं की समोरचा हसायचा. काकांनी पुढे सहीच बदलली. मी फाईल घेऊन कौतुकाने दुकानात गेलो होतो तेव्हा मित्राच्या वडिलांनी ती उघडूही दिली नाही. "बेटा, यह नाम दुकान में मत लो," एवढंच म्हणाले. मला ते तेव्हा अंधश्रद्धेसारखं वाटलं होतं.

'इन्स्पेक्टर झेंडे' मी याच मित्राबरोबर पाहिला, त्याच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर, मोबाईलवर. त्याआधी 'द सर्पेंट'बद्दल सांगायला हवं.

बीबीसीची ही आठ भागांची मालिका २०२१ ची. ताहर रहीम शोभराज झाला आहे. समीक्षकांनी तिला एका गोष्टीबद्दल झोडपलं. काळ सारखा मागेपुढे जातो, दोन महिने आधी, चार महिने नंतर, प्रेक्षक गोंधळतो. मी पहिल्यांदा वैतागलो, दुसऱ्यांदा पाहताना मात्र मला ती रचना पटली. आधी मेलेला माणूस दिसतो, मग तोच जिवंत, हसत, पाठीवर पिशवी घेऊन दारात उभा. त्याला गोळी दिली जाते तेव्हा ती कशाची आहे हे आपल्याला ठाऊक असतं आणि त्याला नसतं. आजारी फ्रेंच तरुणाच्या भागात तर कॅमेरा त्याच्या अंथरुणापासून हलत नाही म्हटलं तरी चालेल. माझ्या कसोटीला उतरलेलं हे पहिलं काम. मग पुढचं दृश्य येतं आणि शोभराजचे कपडे, चष्मा, तलावाकाठचं बसणं यावर कॅमेरा असा लोळतो की सगळं कमावलेलं निम्मं घालवतो. शेवटी ही मालिका घरी न परतलेल्या त्या तरुण मुलामुलींना अर्पण केली आहे. अर्पणपत्रिका मनापासूनची आहे. जाहिरातीतला चेहरा मात्र एकच होता.

या मालिकेचा खरा नायक हरमन निपेनबर्ग. बँकॉकच्या डच वकिलातीतला कनिष्ठ अधिकारी. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याच्या टेबलावर हॉलंडहून एक पत्र आलं. एक तरुण डच जोडपं घरी नेमाने पत्रं लिहीत असे, ती पत्रं अचानक थांबली आहेत. एवढंच. बँकॉकबाहेर दोन जळालेले मृतदेह सापडले होते, पण ते एका ऑस्ट्रेलियन जोडप्याचे म्हणून नोंदवले गेले होते, आणि ते ऑस्ट्रेलियन जोडपं तर जिवंत निघालं. निपेनबर्गने दातांच्या नोंदी मागवल्या, शवागारात उभा राहिला, ओळख पटवली. शोभराजच्या इमारतीतल्या एका फ्रेंच शेजारणीने जीव धोक्यात घालून त्याला माहिती दिली. थाई पोलिसांनी शोभराजला एकदा ताब्यात घेऊन सोडूनही दिलं, कारण त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट होता. नंतर त्या घरात निपेनबर्गला औषधांचा साठा आणि हरवलेल्या प्रवाशांच्या वस्तू मिळाल्या. वरिष्ठांना हे काम वकिलातीचं वाटत नव्हतं. तो बदली होईल तिथे ते कागद बरोबर नेत राहिला. २००३ मध्ये शोभराज काठमांडूत सापडला तेव्हा सत्तावीस वर्षं जपलेले ते कागद उपयोगी पडले.

म्हणजे फाईल त्याचीही होती. माझीही. त्याची सुरू झाली थांबलेल्या पत्रांपासून, माझी टोपीतल्या फोटोपासून.

मालिकेत त्या डच जोडप्याची नावं बदललेली आहेत. मला आधी राग आला. आयुष्य गेलं, आता नावही नाही? मग विचार केला की एखाद्या आईला, बहिणीला, आपल्या माणसाचं नाव दर आठवड्याला कुणा नटाच्या तोंडून ऐकावं लागू नये, असंही त्यात असेल. म्हणून मीही इथे त्यांची खरी नावं लिहीत नाही. नेपाळच्या न्यायालयांनी निकालात ज्यांच्या खुनाबद्दल शिक्षा दिली ती दोन नावं लिहितो. कॉनी जो ब्रॉन्झिच, अमेरिकन. लॉरेंट कॅरिअर, कॅनडाचा. डिसेंबर १९७५, काठमांडू. दोघांनी तिशी गाठली नव्हती.

हिंदीत आपण काय केलं? २०१५ चा 'मैं और चार्ल्स' हा प्रवाल रमणचा चित्रपट. रणदीप हुडाने आवाज, चाल, उच्चार हुबेहूब उचलले आणि चित्रपट तिथेच संपला. धुरकट प्रकाश, मुली, तिहारचं पलायन. गोळी त्यात आहे, पण ती पहारेकऱ्यांच्या मिठाईत. 'ब्लॅक वॉरंट' ही गेल्या वर्षीची मालिका तिहारमधल्या जेलरच्या आठवणींवर आहे. तिच्यात शोभराज नवख्या अधिकाऱ्याला मदत करणारा तुरुंगातला बडा माणूस म्हणून येतो. तिचा विषयच वेगळा, तेव्हा तक्रार नाही.

'इन्स्पेक्टर झेंडे' चिन्मय मांडलेकरने लिहिला आणि दिग्दर्शित केला. मनोज बाजपेयी झेंडे. घरातला, चाळीतला, वरून खर्चाचा हिशेब मागितला जाणारा, दूध आणायला जाणारा पोलीस. सोबतीला भालचंद्र कदम. विनोदी अंगाने नेलेला हा चित्रपट मला आवडला, हे लपवण्यात अर्थ नाही. गुन्हेगाराला पोलिसापेक्षा मोठा होऊ द्यायचं नाही, हा निश्चय त्यात दिसतो, आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी तो केला. हातकड्या नव्हत्या म्हणून दोराने बांधून आणल्याचं खुद्द झेंडे सांगत आले आहेत. हिरोगिरीचा असा साधेपणा चित्रपटाला बरोबर सापडला आहे. पण खुनी लहान करायचा तर विनोदाने, आणि विनोद करायचा तर मेलेले दृष्टीआड ठेवावे लागतात. 'बिकिनी किलर'चा 'स्विमसूट किलर' झाला की आपण हसतो. त्या पोहण्याच्या कपड्यात समुद्रात सापडलेली एक अमेरिकन मुलगी होती, हे हसताना आठवत नाही, आणि आठवलं तर हसू येत नाही. ही अडचण मांडलेकरांची एकट्याची नाही. ती माझ्या चाळीस वर्षांच्या फाईलचीही आहे. आपल्याला शोभराज हवा होता तो झेंड्यांच्या हातात पकडलेला. तो कुणाच्या हातून निसटून, कुणाला मारून तिथवर आला, याच्याशी मराठी अभिमानाला कर्तव्य नव्हतं.

चित्रपटात खुन्याचं नाव बदलून कार्ल भोजराज केलं आहे. ते ऐकताच माझा मित्र पोटमाळ्यावर मोठ्याने हसला. "देखा साईं? नाम बदला, मगर सिंधी ही रखा!" मग बराच वेळ गप्प बसला.

पर्वरीच्या ज्या हॉटेलात अटक झाली तिथे त्या टेबलाशी शोभराजचा पूर्णाकृती पुतळा बसवला होता. लोक शेजारी बसून फोटो काढायचे. मी २००९ मध्ये गोव्याला गेलो तेव्हा मीही काढला. फाईलमध्ये आहे. पकडणाऱ्याचा पुतळा नाही, मेलेल्यांचा तर प्रश्नच नाही.

याच्या उलट एक जागा जगात आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दक्षिणेला बेलांग्लोचं जंगल. तिथे १९९२-९३ मध्ये लिफ्ट मागत फिरणाऱ्या सात तरुणांचे मृतदेह सापडले. मारणारा आयव्हन मिलाट हा रस्त्याच्या कामावरचा मजूर, त्यांना आपल्या गाडीत घ्यायचा. ना फ्रेंच उच्चार, ना रत्नं. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली, २०१९ मध्ये तो तुरुंगात मेला. त्याला पकडून दिलं ते एका प्रवाशाने. पॉल ओनियन्स हा ब्रिटिश तरुण जानेवारी १९९० मध्ये त्याच्या गाडीतून उडी टाकून महामार्गावर धावत सुटला आणि एका बाईने गाडी थांबवून त्याला आत घेतलं. त्याची तक्रार धूळ खात पडली. मृतदेहांची बातमी वाचून त्याने इंग्लंडहून पुन्हा फोन केला आणि साक्षीला आला. त्या जंगलात सात जणांच्या आठवणीसाठी दगड उभा आहे. सिनेमावाल्यांनी तिथेही 'वुल्फ क्रीक' काढला, खुन्याला अजरामर केला. पण जंगलात दगड कुणाचा आहे, हा फरक माझ्या दृष्टीने लहान नाही. एका लिफ्टमध्ये मरण होतं, दुसऱ्या लिफ्टमध्ये जीव वाचला, आणि दोन्ही एकाच रस्त्यावर.

शोभराजच्या प्रकरणातही प्रवाशांनीच काम केलं होतं. आपल्याकडे ते कुणाच्या लक्षात नाही. जुलै १९७६ मध्ये दिल्लीत हॉटेल विक्रममध्ये उतरलेल्या फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका गटाशी त्याने दोस्ती केली, हगवणीवर म्हणून गोळ्या वाटल्या. औषध ठरल्यापेक्षा लवकर लागलं. जेवणघरातच मुलं एकामागून एक कोसळू लागली. ज्यांनी गोळी घेतली नव्हती किंवा ज्यांना ती अजून लागली नव्हती, त्यांना एका क्षणात उमगलं आणि त्यांनी झडप घालून त्याला धरून ठेवलं, पोलीस येईपर्यंत. झेंड्यांची अटक मोठीच, पण तिहारमधून पळण्यासाठी माणूस आधी तिहारमध्ये असावा लागतो. त्याला तिथे या मुलांनी घातलं. या जेवणघराला केंद्रस्थानी ठेवून एखादा चित्रपट, नाटक, कादंबरी झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी नाटककार असतो तर एकच अंक लिहिला असता. टेबलं, भात, पाण्याचे पेले, आणि एकेक मान खाली जाताना बाकीच्यांचे चेहरे.

त्या मुलांना लोक मूर्ख म्हणतात. अनोळखी माणसाची गोळी कुणी खातं का? शोभराजच्या पुस्तकांच्या समासात, मागच्या मालकांनी पेन्सिलीने, असे शेरे मारलेले मी पाहिले आहेत. माझंही मत वेगळं नव्हतं. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या टप्प्यावरून आलं अशी आमच्याकडे लोकव्युत्पत्ती सांगतात. खरी असो नसो, रस्त्यावरच्या गावातल्या माणसाला परक्याला पाणी द्यायची आणि परक्याकडून पाणी घ्यायची सवय असते. त्या सवयीवर सगळा प्रवास चालतो आणि त्या सवयीवरच ठग जगतो.

१९९४ मध्ये मी वडिलांच्या अस्थी घेऊन काशीला गेलो होतो. परतताना महानगरीत सतना सोडल्यावर उलट्या आणि जुलाब सुरू झाले. अनारक्षित डबा, संडासापर्यंत जायला वाट नाही. शेजारी एक माणूस होता, साठीचा, गठ्ठे घेऊन चाललेला, कपड्याचा फिरता विक्रेता असावा. त्याने लोकांना सरकवून मला वाट करून दिली, स्वतःच्या बाटलीत मीठ-साखर घालून पाणी पाजलं, पिशवीतून दोन पिवळ्या गोळ्या काढल्या आणि तळहातावर ठेवल्या. घरी फाईलमध्ये शोभराजच्या औषधांवरची चार कात्रणं होती. ती मला आठवलीही नाहीत. मी गोळ्या गिळल्या आणि त्याच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपलो. इटारसीला जाग आली तेव्हा ताप उतरला होता, गठ्ठा डोक्याखाली नव्हता, त्या जागी माझीच पिशवी नीट घडी करून ठेवली होती. अस्थींचा रिकामा तांब्या आत होता, पैसे होते. खिडकीतून पाहिलं तर तो फलाटावर गठ्ठे उतरवून घेत होता. गाडी सुटेपर्यंत मी हाक मारायला उठू शकलो नाही.